सत्तर किलोंपर्यंत

कुणाबद्दल लिहायचा मला काय अधिकार, असं सारखं वाटतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या. पण सुमनकाकूंबद्दल कुणीतरी लिहायला हवं, म्हणून धाडस करतो.

तळवड्यात पहिल्या मजल्यावर आमच्या शेजारी त्यांची खोली होती. भिंत पातळ. त्यांचे यजमान दिनकरकाका त्यांना पट्ट्यानं मारायचे तेव्हा बक्कल भिंतीवर बसलं की अंगावर, हे आवाजावरून कळायचं. आई दार वाजवायची, काका आतून शिव्या द्यायचे. एकदा काकूंचा कान फाटला. सकाळी त्या कानाला पट्टी लावून शिफ्टला गेल्या.

त्याच आठवड्यात त्या मला व्हरांड्यात भरलेला सिलिंडर छातीपर्यंत उचलताना दिसल्या. उचलायच्या, ठेवायच्या, पुन्हा उचलायच्या.

"हसूलालास का रं? हे मोबाईलात बघ. कंपनीतल्या पोरीनं दाखवलंय. वजन टाकायचं, किती बार उचललं ते टाकायचं. एका दमात जास्तीत जास्त किती उचलशील, ते सांगतंय."

ते फुकटातलं कॅल्क्युलेटर होतं, इंग्रजीत. सिलिंडरचे तीस किलो, वीस वेळा. उत्तर आलं पन्नास. काकू खूश झाल्या. मी खालची बारीक टीप वाचली.

"काकू, सूत्र संशोधनातलं आहे, पण दहाच्या वर वेळा गेल्या की अंदाज भरवशाचा नाही, असं लिहिलंय."

"मग कमी बार, पण जड उचलायचं." त्यांनी वाण्याकडून तांदळाचं पन्नास किलोचं पोतं आणलं.

"पण कशासाठी, काकू?"

"त्यो सत्तर किलोचा हाय. चेष्टा चेष्टात वाण्याच्या काट्यावर उभा केला म्या."

मी घाबरलो. पोलिसांत जाऊ या म्हणालो.

"दोनदा गेले लेकरा. समजूत घालून घरी धाडलं. आता मोबाईल सत्तर म्हनंस्तवर गप बसायचं."

काकांना पोत्याचं कळलं. "पैलवान झालीस व्हय गं?" म्हणत त्यांनी सुरीनं पोतं उभं फाडलं आणि त्याच तांदळात काकूंना लाथांनी तुडवलं. ओठातून रक्त येत असताना त्या पोतं शिवत बसल्या. मी मदतीला गेलो तर म्हणाल्या, "पोतं फाटलंय, मी न्हाई."

मी वसतिगृहात राहायला गेलो तेव्हा आकडा साठावर होता. नंतर काकूंचा फोन लागेना. आईला विचारलं की ती विषय बदलायची.

परवा तिनं सगळं सांगितलं. मी गेल्यानंतर एके दिवशी काकांनी ओढणीनं काकूंचा गळा आवळत त्यांना व्हरांड्यात ओढलं. काकूंनी खाली वाकून त्यांची कंबर धरली, छातीपर्यंत उचललं आणि कठड्यावरून खाली टाकलं. काकांच्या मांडीचं हाड बाहेर आलं. अख्खी चाळ जमली, पण कुणी हात लावेना. शेवटी काकूच जिना उतरल्या. ओरडणाऱ्या नवऱ्याला पुन्हा उचलून त्यांनी रिक्षात घातलं.

दवाखान्यात खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "तुम्ही कोण पेशंटच्या?"

"उचलून आनलंय, येवढंच," काकू म्हणाल्या आणि कंपनीच्या बसकडे चालू लागल्या.