उतारावर लावलेली गाडी

हिर्डोशीच्या पारावर बसणाऱ्यांना शिव्या घालायला रोज काहीतरी लागतं. ज्ञानू होता तोवर त्याची जुनी पेट्रोल व्हॅन पुरत होती. ज्ञानू गेला आणि व्हॅन त्याच्या बायकोच्या, बाळाबाईच्या हातात आली. मग गाडी राहिली बाजूला, शिव्या बाळाबाईच्या वाट्याला आल्या.

नवरा गेला तेव्हा बाई पन्नाशीला टेकलेली. भात काढून खाचर मोकळं झालं तशी हिनं त्यात व्हॅन घातली, दोनदा बांधाला धडकली आणि शिकली. रीतसर लायसनही काढलं. तेव्हापासून वाडीतल्या बायकांची एसटीची वाट बघणं सुटलं. कुणाला भोरला दवाखान्यात जायचं असो, कुणाला नाचणी घेऊन बाजार गाठायचा असो, हाक मारली की बाळाबाई किल्ली घेऊन हजर. ह्या वयात हे काय सोंग, असं कुणी म्हणालंच तर ती म्हणायची, मग तुमी न्या म्हातारीला दवाखान्यात. पुढं कुणी बोलायचं नाही. बोलणाऱ्यालाच न्यायला लागलं असतं ना.

पहाटे मात्र व्हॅन धाकट्या दिराच्या, गोरखच्या ताब्यात. दुधाच्या किटल्या घेऊन तो डेअरीला जायचा. ह्या गोरखची एक खोड होती, आणि खरं सांगायचं तर ज्ञानूचीही तीच. रात्री गाडी देवळापुढच्या उतारावर लावायची, तोंड खाली करून. सकाळी ब्रेक सोडायचा, गाडी गडगडली की गिअर टाकायचा आणि हिसक्यासरशी चालू करायची. नाहीच झाली तर चौघांना मागं लावून ढकलायची. किल्ली फिरवून सेल मारला की बॅटरी मरते, असं गोरख ज्याला त्याला ऐकवायचा. आपण गाडी राखतोय ह्याचा त्याला भारी अभिमान.

आणि वर्षभरापूर्वी गाडीचा दम गेला. सपाटीला बरी चालायची, पण चढण लागली की रांगायला लागायची. पाय दाबून धरला तरी नुसती घुरघुर. बायका निमूट उतरायच्या, पिशव्या डोक्यावर घेऊन चालायच्या. एकदा तर डोळ्याचं ऑपरेशन करून आलेली भिमा म्हातारी हिरवी पट्टी सांभाळत चढण चालत गेली. बाळाबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

प्लग बदलले, फिल्टर बदलला, काही उपयोग झाला नाही. मग पारावर गोरखनं निकाल देऊन टाकला. म्हणाला, बाईचा हात लागला आणि गाडी बसली. माना डोलल्या. कागद अजून ज्ञानूच्याच नावावर, म्हणून गोरखला वाटायचं, आपलाही शब्द चालतो. त्यानं भंगारवाल्याला बाजारच्या दिवशी संध्याकाळी बोलावलं आणि वहिनीला सांगितलं, त्या दिवशी भरल्या गाडीनिशी चढण चढलात तर गाडी तुमची, नाहीतर ती भंगारात आणि तुम्ही एसटीत.

बाळाबाईला गाडीपेक्षाही एक गोष्ट खात होती. इतक्यांदा ऐकून ऐकून तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं. गिअर टाकताना ती आपल्याच हाताकडं बघायची. गोरखचा राग होता तो होताच, पण त्याहून जास्त तिला स्वतःचा राग यायचा.

बाजारच्या दिवशी तिनं बायकांना भोरला सोडलं आणि एकटीच पुढं कापूरहोळला गेली. हायवेच्या कडेला कुमार मेस्त्रीचं गॅरेज आहे. त्यानं गाडी चालू ठेवायला सांगितली आणि मागं सायलेन्सरच्या तोंडाशी तळवा धरला. वारा जेमतेम लागत होता. तो म्हणाला, मावशी, हिचं नाक दाबलंय, नाक दाबून कुणी डोंगर चढंल का?

इंजिन आणि सायलेन्सरच्या मधे धूर गाळायचा एक डबा असतो. मेस्त्री लोक त्याला कन्व्हर्टर म्हणतात. धुराची नळी निवल्यावर कुमारनं तो खोलून काढला आणि उजेडाला धरला. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असायला हवी. हिची वितळून गच्च गोळा झालेली. पलीकडचा उजेड दिसेना.

"मावशी, ही गाडी रोज ढकलून चालू करतंय का कोण?"

बाळाबाई हो म्हणाली. कुमारनं सांगितलं ते असं, की हिसका देऊन गाडी चालू केली की कच्चं पेट्रोल तसंच ह्या डब्यात उतरतं आणि तिथं पेटतं. एकदा झालं तर चालतं, पण रोजचं झालं की जाळी वितळणारच.

वर्षभर उरावर बसलेला धोंडा खाली पडला, आणि तो कुणाच्या तरी पायावर टाकावा अशी तिला फार इच्छा झाली.

कुमारनं बजावलं, नवा डबा मागवतो, यायला वेळ लागेल. तोवर त्या जागी साधी नळी जोडली तर गाडी पळंल, पण धुराच्या तपासणीत बसायची नाही, आणि कायद्यानंही चालत नाही. बाई म्हणाली, नवा मागव, आला की बसवू, पण आज नळी जोड. आणि तो जुना डबा तिनं मागून घेतला.

संध्याकाळी भोरहून व्हॅन निघाली ती खच्चून भरून. भिमा म्हातारी पुढं. साध्या नळीचा आवाज असा, की नीरा-देवघरच्या पाण्यावरचे बगळे उठले. चढण आली, सवयीनं बायकांनी पिशव्या उचलल्या. बाळाबाई म्हणाली, बसा खाली, कुणी उतरायचं न्हाई. आणि गाडी चढली. कुठं न थांबता, बोंब मारत चढली.

पारावर गोरख आणि भंगारवाला वाट बघत उभे. बाळाबाईनं गाडी थांबवली, डबा आणला आणि गोरखच्या पुढ्यात ठेवला. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणाली, आत बघा. मग मेस्त्रीनं सांगितलेलं सगळं तिनं पारासमोर सांगितलं, एक शब्द न गाळता. भंगारवाला डबा विकत घ्यायला तयार होता. तिनं दिला नाही.

गोरखला काहीतरी बोलणं भागच होतं. त्यानं कायदा काढला.

"नवा डबा येतोय," बाळाबाई म्हणाली. "तवर पोलिसानं धरलं तर मला धरंल. पण वरीसभर तुमी माझ्या हाताला बोल लावला भावजी, आन् म्या तो ऐकून घेतला. आता न्हाई ऐकायची."

त्या रात्री गाडी उतारावर लागली नाही. तिच्या दारातल्या सपाटीला लागली आणि किल्ली तिच्या उशाशी.

पहाटे गोरख किटल्या घेऊन आला. वहिनी आधीच स्टिअरिंगवर. दूध मी पोचवते, म्हणाली. त्यानं किटल्या आत ठेवल्या, गाडीच्या मागं गेला आणि जन्माच्या सवयीनं दोन्ही हात टेकून ढकलायच्या पवित्र्यात उभा राहिला.

बाळाबाईनं आरशात बघितलं.

"हात काढा भावजी," ती म्हणाली, "आन् मागं बसा."

तो बसला. तिनं सेल मारला.