गाडीतली मिनिटे आणि अंगणातला बाक

या लिखाणामागे एकच प्रश्न आहे आणि तो आधी नीट मांडतो. कामावरून परतलेला माणूस दारात गाडी लावतो, इंजिन बंद करतो, पण घरात येत नाही; गाडीतच बसून राहतो. अशा माणसाला गाडीऐवजी जिथे बसावेसे वाटेल अशी जागा घराच्या अंगणात करता येते का? येत असेल, तर ती कशी असावी?

मी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्ली या खाणींच्या गावात एका शाळेत विज्ञान शिकवतो. फळ्यावर आधी प्रश्न, मग साहित्य, मग कृती, मग निरीक्षणे हा क्रम पुण्यात शिकवत असताना अंगवळणी पडला, तो इथेही टिकला. प्रश्नातला माणूस म्हणजे माझी पत्नी. ती इथल्या हॉस्पिटलमध्ये इमर्जन्सी विभागात डॉक्टर आहे. खाणीत जखमी झालेले कामगार, दूरच्या वस्त्यांवरून आणलेली मुले, छातीत दुखणारे म्हातारे, सगळे आधी तिच्या विभागात येतात. ज्यांना पर्थला विमानाने हलवायचे, त्यांना विमान येईपर्यंत सांभाळणे हेही तिचेच काम.

आमचे स्वयंपाकघर घराच्या कोपऱ्यात आहे. त्याची एक खिडकी गाडी लावायच्या जागेकडे उघडते, दुसरी मागच्या अंगणाकडे. मी चारला घरी येतो आणि स्वयंपाकाला लागतो. ती सव्वापाचच्या सुमारास येते. जानेवारीत एकदा भाजी चिरताना माझ्या लक्षात आले, की गाडी येऊन थांबली, पण दार उघडल्याचा आवाज आला नाही. मी घड्याळ पाहिले. चार मिनिटांनी ती आत आली. दुसऱ्या आठवड्यात नऊ मिनिटे झाली. ओट्याजवळ वाणसामानाच्या यादीची वही असते, तिच्या शेवटच्या पानावर मी आकडे लिहू लागलो. फेब्रुवारीअखेर आकडा एकोणीसवर गेला होता. बाहेर चाळीसच्या वर तापमान, एसी बंद, काच बोटभर खाली आणि दोन्ही हात मांडीवर. ती फोन पाहत असती तर मला बरे वाटले असते. ती समोरच्या पत्र्याच्या कुंपणाकडे पाहत असे.

आत आली की आमचे स्वागत ठरलेले असे. "कसा होता दिवस?" मी. "खाल्लंस का काही?" तेही मीच. त्या वेळी पुण्यात पावणेतीन वाजलेले असतात. माझी आई दुपारची आडवी होण्याआधी व्हिडिओ कॉल करते आणि फोन तूरडाळीच्या डब्याला टेकवून ठेवलेला असतो. त्यातून आई विचारी, "आल्या का आमच्या डॉक्टरीणबाई? चेहरा का गं असा उतरलाय?" पत्नी सगळ्यांना नीट उत्तरे देई. दिवस बरा होता, खाल्लं, काही नाही हो आई, ऊन आहे फार. मग अंघोळीला जाई. गाडीतल्या मिनिटांबद्दल मी तिला विचारले नाही, कारण विचारायचे तर मी ती मोजतो हेही सांगावे लागले असते.

मला भीती कशाची होती, हे स्पष्ट लिहायला हवे. आज एकोणीस, उद्या तीस, आणि मग एखाद्या दिवशी ती आत येणारच नाही, अशी ती भीती होती. येणार नाही म्हणजे कुठे जाईल, याचा विचार मी पूर्ण होऊ देत नसे.

म्हणून मी बाक करायचे ठरवले. मागचे अंगण म्हणजे लाल माती, निलगिरीच्या जातीचे एक जुने गमचे झाड आणि कपडे वाळत घालायचा फिरता खांब. दोन शनिवार मी जमिनीत झाडूचा दांडा उभा करून दर तासाला त्याच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवला. पाच ते सहा या वेळेत गमची सावली कुठे पडते ते नक्की केले आणि तिथे लाकडी बाक बसवला. उंची अशी, की पाय पूर्ण जमिनीला टेकतील. पाठ किंचित मागे कललेली. वर तिकोनी सावलीचे कापड ताणले. बाजूला रोझमेरी लावली, कारण तुळस मी इथल्या गरम वाऱ्यात दोनदा गमावली होती. शेवटी बाक अर्धा मीटर डावीकडे सरकवला. तो स्वयंपाकघराच्या खिडकीच्या बरोबर मध्यावर आला की बरा दिसतो, एवढेच तेव्हा मनात होते.

एप्रिलमध्ये काम संपले. ती आल्याबरोबर मी तिला मागे नेले.

"अरे वा! हे सगळं तू केलंस?"

"बसून बघ ना."

ती बसली. मी चहा आणला. आमच्या दहा वर्षांच्या मुलीने उशी आणून पाठीमागे खोचली. फोनवरून आईला मी बाग फिरवून दाखवली.

"नशीब काढलंस गं," आई तिला म्हणाली. "आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात एक कुंडी आणली नाही."

सगळे हसले. पत्नीही हसली. सहा मिनिटांनी कप उचलून ती "छान झालंय रे" म्हणाली आणि आत गेली. पाहुण्यांकडे गेल्यावर माणूस जितका वेळ बसतो, तितकीच ती बसली होती. दुसऱ्या दिवशी गाडीतली मिनिटे बावीस झाली.

प्रयोग फसला की विद्यार्थी साहित्याला दोष देतो. मीही तेच केले. पक्ष्यांसाठी पाण्याचे पसरट भांडे आणले. लाकूड कडक वाटत असेल म्हणून जाड गादी शिवून घेतली. कुंपणावर दिव्यांची माळ सोडली. पोपट येऊन पाणी पिऊन गेले. ती बाकावर आली नाही.

"बाबा, कोणी बसतच नाही तिकडे," मुलगी एकदा म्हणाली. "इट्स लाइक दॅट चेअर आउटसाइड द प्रिन्सिपल्स ऑफिस."

"काहीतरी बोलू नकोस. एवढी मेहनत घेतलीय."

"मग तू बस ना. हॅव यू इव्हन ट्राइड इट?"

मी बसून पाहिले नव्हते. मोजताना, रंग देताना बसलो होतो, पण सव्वापाचला, कामावरून आल्यावर, कधीच नाही. तरी मी तिला गृहपाठाला बसवले आणि विषय संपवला.

मे महिन्यातला एक गुरुवार. पाच वाजून सोळा मिनिटांनी गाडी आली. बाहेर काळोखू लागले होते, म्हणून मी आतला दिवा लावला होता. डाळीच्या डब्याला टेकलेल्या फोनवर आई बोलत होती. अकराव्या मिनिटाला गाडीचे दिवे पुन्हा लागले. गाडी मागे आली, वळली आणि निघून गेली.

मी वही हातात घेऊन तसाच उभा राहिलो. लँडलाइनवरून तिला फोन लावला. निरोप ठेवा, असे सांगणारा आवाज आला.

"काय रे, आल्या नाहीत का अजून?" आईने विचारले.

"येतेय. ट्रॅफिक आहे."

"तिकडे कसला मेला ट्रॅफिक? तूच म्हणतोस ना, दहा मिनिटांत गाव संपतं."

गाव दहा मिनिटांत संपते, हे खरेच होते आणि तेच मला टोचत होते. त्यापुढे काळा सरळ रस्ता, खाणीतले खनिज वाहून नेणारे लांबलचक ट्रक आणि संध्याकाळच्या वेळी कडेच्या झुडपांतून अचानक उडी घेणारी कांगारू. मुलीने न सांगता तीन ताटे मांडली आणि मग विचारले, "आई कुठे गेली?" मी म्हणालो, दूध आणायला. तिने फ्रिज उघडला. आत दुधाचे दोन भरलेले कॅन होते. तिने फ्रिज हळूच बंद केला.

पन्नास मिनिटांनी गाडी आली आणि या वेळी दार लगेच उघडले.

"कुठे गेली होतीस?"

"कुठे नाही. कुलगार्डीच्या रस्त्याने थोडी पुढे गेले, वळले, आले."

"का पण?"

तिने किल्ल्या ओट्यावर ठेवल्या. वहीचे शेवटचे पान उघडेच होते. तिने ते वाचले. वरपासून खालपर्यंत, एखादा रिपोर्ट वाचावा तसे.

"गाडीत मला कोणी बघत नाही असं वाटायचं," ती म्हणाली. "आज मान वर केली, तर तू खिडकीत. हातात पेन."

"काळजी वाटते म्हणून..."

"माहितेय रे. पण घरात यायचं तर आधी नीट व्हावं लागतं मला. नाहीतर तुम्ही सगळे घाबरता. ते नीट होणं मी गाडीत उरकते. आता तिथेही तू दिसलास, तर मी ते कुठे करू?"

मी वहीचे ते पान फाडले. ती म्हणाली, फाडून काय होणार आहे, आकडे तुला पाठ असतील. ते होतेच.

दुसऱ्या दिवशी सव्वापाचला मी बाकावर जाऊन बसलो. मुलीला सांगितले, मी उभा राहतो तिथे उभी राहा आणि माझ्याकडे बघ. तिने तोंडावर गंभीर भाव आणला आणि वही उघडून धरली. अंधारू लागलेल्या अंगणात ती उजळ खिडकी माझ्यासमोर फळ्यासारखी उभी होती. बाक मीच तिच्या मध्यावर आणला होता. पाठ सैल सोडावी म्हटले तरी सुटेना. समोर कोणी पाहत आहे म्हटल्यावर मी नकळत चेहरा नीट केला. खेळ आहे हे ठाऊक असूनही केला.

दुरुस्ती करायला तीन रविवार लागले. गाडीच्या जागेच्या पुढे, घराची भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये एक अरुंद पट्टा आहे. तिथे कचऱ्याचे चाकांचे डबे असत. डबे हलवले आणि बाक तिकडे नेला. गाडीतून उतरून घरात न शिरता तिथे जाता येते. बाकाची पाठ घराच्या खिडकी नसलेल्या भिंतीला लागते. समोर रस्त्यावरचे एक झाड दिसते आणि खिडकी एकही दिसत नाही. कडेने सॉल्टबुश लावले. राखाडी पानांचे हे झुडूप पाण्यावाचूनही तग धरते. आत शिरायला लहानसे फाटक केले, कडी आतून. गादी आणि दिव्यांची माळ नेली नाही. वाढेपर्यंत झुडपे विरळ असतील, म्हणून मधे आडोशाला चटई बांधली.

नियमही केले: तिकडे कोणी चहा नेणार नाही, हाक मारणार नाही, आणि आत आल्यावर प्रश्न नाहीत. आईने फोन सहानंतर करावा, असे तिला सांगितले. ती रागावली.

"विचारायचं सुद्धा नाही? मग घरात माणसं कशाला असतात रे?"

"ती सांगेल ना, तिला वाटलं की."

"आणि नाही वाटलं तर?"



आता गाडी येते, इंजिन बंद होते आणि थोड्याच वेळात गाडीचे दार वाजते. फाटकाची कडी लागते. त्यानंतर मला काहीच ऐकू येत नाही. मी गाडीकडच्या खिडकीला पाठ करून कांदा चिरतो. जागा मीच अशी बांधली आहे, की ती मला दिसू नये. म्हणजे ती उपयोगी पडते की नाही, हेही मला पाहता येत नाही. भीती कमी झालेली नाही. आधी निदान आकडा तरी होता. कडी पुन्हा वाजेपर्यंत माझा हात दर संध्याकाळी मंदावतो.

गेल्या आठवड्यात ती आत आली, तेव्हा तिच्या बाहीला सॉल्टबुशचे पान चिकटले होते. तिने कोथिंबिरीची जुडी ओढून घेतली आणि निवडता निवडता एका म्हाताऱ्या बाईंबद्दल आपणहून सांगू लागली. विमान येईपर्यंत त्या बाईंनी तिचा हात सोडला नव्हता. माझ्या तोंडात तीन प्रश्न आले. एकही विचारला नाही. ती मध्येच थांबली, पुढचे सांगितले नाही आणि जुडी पूर्ण निवडून उठली.

हे एका घरातले, एकाच माणसाविषयीचे निरीक्षण आहे आणि निरीक्षण करणारा स्वतः घाबरलेला होता. यावरून नियम काढता येत नाही. म्हणून माझ्या शब्दावर विसंबू नका. अंगणात किंवा बाल्कनीत तुम्ही दुसऱ्या कोणासाठी जागा केली असेल, तर त्या माणसाच्या परतायच्या वेळी तिथे स्वतः पंधरा मिनिटे बसा आणि तिथून काय दिसते ते कृपया तपासून पाहा.