चुकलेलं पाठवा

आमच्या तांड्यात मोबाईलला रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीखाली. तिथे एक सपाट दगड आहे. आजारापायी शाळा बंद पडल्या त्या वर्षी माझ्या नातीची शाळा त्या दगडावर भरली, आणि तिचा हेडमास्तर मी होतो. मी, दुसरीतून पळालेला माणूस. आम्ही बंजारा, घरात आमची गोरमाटी बोलतो, मराठी मला मास्तरच्या छडीने जेवढी शिकवली तेवढीच आली. पण तांड्याची नायकी तीन पिढ्या आमच्या घरात. भांडणं माझ्या ओट्यावर मिटतात, मी बोलत असलो की बाकीचे थांबतात. हे मिरवायला सांगत नाही. पुढे जे झालं ते यातूनच झालं.

मुलगा आणि सून दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, पार सांगलीकडे. त्या वर्षी निघताना मुलगा म्हणाला, "बा, शाळाच बंद आहे तं पोरीले इथं काहून ठेवू? तिथं ती आमच्या झोपडीत, कोपीवर राहीन, लहान्या भावाले सांभाळीन."

मी म्हटलं, "मोबाईलवर शाळा चालू होऊन राह्यली. पोरगी माझ्यापाशी राहीन."

"शिकून राह्यली तं राहू दे. नाही जमलं तं मी घेऊन जाईन."

असं ठरलं. नात दाराआडून ऐकत होती. ट्रक गेल्यावर तिने विचारलं, "दादा, म्हणजे मले आलंच पाहिजे, नाही का?" आमच्यात आजोबाला दादा म्हणतात. मी म्हटलं, "तुले नाही येईन तं कोणाले येईन?"

शिकवणारी मॅडम तरुण होती, स्कूटीवर यायची. तिची रीत अशी की रोज सकाळी ग्रुपवर धडा तिच्या आवाजात यायचा. मग प्रत्येक लेकराने पुस्तक उघडून तो स्वतः वाचायचा आणि आपला आवाज पाठवायचा. आणि दर मंगळवारी ती जातीने तांड्यात यायची, मंदिराच्या ओट्यावर चार-पाच लेकरं दूर दूर बसवायची. पहिल्याच दिवशी तिने सगळ्या घरच्यांना सांगितलं होतं, "मुलांना सांगू नका. चुकू द्या. चुकलेलं पाठवा. कोणापाशी बसायचं ते मला चुकीवरूनच कळतं."

मला हसू आलं होतं. चुकलेलं कोणी मुद्दाम जगाला ऐकवते का?

कारण ग्रुपवर सगळा तांडा. एकाने पाठवलं की टाकीखाली दहा मोबाईल बोलायचे. तिकडे उसाच्या फडात मुलगाही ऐकायचा. नातीने पहिला धडा वाचला तो अडखळत, एकेक अक्षर चाचपत. माझ्या वयाचा एक म्हातारा, जन्मभर माझ्याशी होड घेणारा, दगडाशी उभा होता. तो म्हणाला, "नायक, तुमची नात तं खडकातून गाडी हाकून राह्यली. बैल बसले का काय मधातच?" सगळे हसले. नातही हसली. मी नाही हसलो.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला आणि ठेवता ठेवता म्हणाला, "ऐकलं मी, बा." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या घरी गेलो. त्यांची सून दहावी झालेली. तिला म्हटलं, रोज धडा माझ्या नातीला म्हणून दाखव. सून वाचायची, पोरगी मागे म्हणायची. पोरीचा कान असा की चौथ्या खेपेला अख्खा धडा तोंडपाठ. मग आम्ही दगडावर यायचो, पुस्तक तिच्या पुढ्यात उघडं ठेवायचं आणि तिने घडाघडा म्हणायचं. कधी कधी पान भलतंच उघडं असायचं. मोबाईलला काय कळते! मॅडम शाबासकी पाठवायची, चांदण्या पाठवायची. मुलाने एकदा अंगठा पाठवला. मी तो शेजाऱ्यांना दाखवला.

मंगळवारी मॅडम माझ्या ओट्यासमोरून जायची. "बाबा, तुमची नात फार छान वाचते हो. आज ज्यांचं अडतंय त्यांच्यापाशी बसते." मी मिशीवर हात फिरवायचो. ती पुढे जाऊन नेमकी त्या म्हाताऱ्याच्या नातीपाशी बसायची. ती पोर ग्रुपवर रोज चुकायची. मॅडम जमिनीवर खडे मांडून, काडीने अक्षरं काढून तिला सांगायची. माझी नात आमच्या दारात उभी राहून समोरच्या मंदिराकडे बघायची, एका पायावर दुसरा पाय घासत.

एकदा मला म्हणाली, "दादा, एक बार चुकीचं पाठवू?"

"कायले?"

"मॅडम माह्यापाशी बसन."

मी म्हटलं, "नायकाच्या घरचं कोणी चुकत नाही. गुमान म्हण."

तिने गुमान म्हटलं.

शाळा उघडली तेव्हा मुलगा-सून तांड्यातच होते. मॅडमने घरच्यांनाही बोलावलं. प्रत्येक लेकराच्या हातात एकेक कागद दिला, पुस्तकाबाहेरचा, तिने स्वतः लिहिलेला. म्हाताऱ्याची नात सावकाश वाचत गेली, शेवटपर्यंत. मग माझी. तिने कागद पाहिला. माझ्याकडे पाहिलं. आणि कागद डोळ्यांसमोर धरून पुस्तकातला पाठ झालेला धडा म्हणायला लागली. पूर्ण म्हटला, एक शब्द न चुकता. मॅडमने मधे थांबवलं नाही. कोणीही हसलं नाही. त्या दिवशी कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

मॅडम माझ्यापाशी आली. आवाज चढवला नाही. "बाबा, दर मंगळवारी मी तुमच्या दारावरून गेले. मला कळू का नाही दिलं?" मग मुलाकडे वळून म्हणाली, "पोरगी हुशार आहे, भाऊ. हे वर्ष इथेच राहू द्या, मी बसते तिच्यापाशी."

मुलाने मला विचारलं, "बा, तुम्ही तं म्हणे तिले येते?"

तेव्हा मी एवढंच म्हणायचं होतं की हे मी केलं, पोरीचा यात काही दोष नाही, तिला वर्षभर दे. मुलाने माझं ऐकलं असतं. पण सगळा तांडा उभा होता, तो म्हाताराही. मी म्हणालो, "मोबाईलवरचं शिकवणं असंच राहते. शिकवणारीलेच धड जमलं नाही."

मॅडम कागद गोळा करायला लागली.

दिवाळीनंतर नात ट्रकमध्ये बसली. दप्तर घरीच राहिलं. मीच तिला समजावत होतो की रोज फोन करीन. इतके दिवस मी स्वतःला सांगितलं होतं की पोरगी जवळ राहावी म्हणून हे करतो. ट्रक वळल्यावर कळलं, मी माझं नाक जवळ ठेवलं होतं.

त्याला आता काही वर्षं झाली. मॅडमची बदली झाली. नात आता मोळ्या बांधते, मुलगा म्हणतो तिच्याशिवाय भागत नाही. गेल्या हंगामात मी तिला फोनवर म्हटलं, "मले वाचायले शिकव." ती खूप हसली. मग म्हणाली, "पण दादा, मॅडमवानी करू. चुकलेलं पाठवजो. लपवजो नको."

तिचंच दप्तरातलं पुस्तक घेऊन मी दगडावर बसतो. तो म्हाताराही येतो, माझी गाडी खडकात अडकली की खोकतो. मी तसंच पाठवतो. दुपारी भाकर खाताना ती ऐकते. "हे नाही, दादा. परत म्हण. घाई नको करू." कधी रागावत नाही, कोणाशी तुलना करत नाही. तिला कोणी हे शिकवलं? दारात उभी राहून पाहिलं तेवढंच. हे लिहिताना जिथे अडलो तिथे शेजारच्या सुनेला उघड विचारलं, तेही नातीमुळेच.

तिला जेवढं तोंडपाठ होतं तेवढं पुस्तक सरलं. मग मी वरच्या वर्गाचं आणलं, तिने कधी न पाहिलेलं. पहिल्या पानाचा फोटो पाठवला, वाचून आवाज पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. मग तिचा आवाज आला, मागे उसाच्या पाचटाची सळसळ.

"दादा, तीन बार ऐकलं. चुकलं का बरोबर आहे, ते मलेच नाही समजून राह्यलं."