तळ्याकाठची की आगगाडीतली?

आमच्या जळकोटात तेव्हा राज्य निजामाचं होतं आणि कादंबऱ्या मण्यारणीच्या ताब्यात. महिन्यातून एकदा ती सोलापूरहून माल घेऊन यायची. टोपलीत वर बांगड्या, खाली कापडात गुंडाळलेल्या दोन कादंबऱ्या. काच फुटेल म्हणून निजामाच्या सरहद्दीच्या नाक्यावरचा शिपाईही आत हात घालत नसे. घरटी एकच कादंबरी मिळायची, ती पुढच्या खेपेला परत. घरातले पुरुष उर्दू शाळेत शिकलेले. मराठी सरसर वाचणारी मी एकटीच, सोलापूरच्या माहेराहून चौथी पास होऊन आलेली. त्यामुळे मी विदुषी आहे हा माझा समज खोडून काढायला कुणी नव्हतं.

त्या दिवशी सासूबाई शेजारी गेल्या होत्या. त्या परतायच्या आत निवड उरकायची होती. चुकली तर महिनाभर भलत्याच प्रेमात अडकून पडायचं. आणि बांगड्या भरताना उजवा हात मण्यारणीच्या मुठीत! मी डाव्या हातानं पानं चाळायला लागले. एकीतली दोघं आगगाडीत भेटत होती, दुसरीतली तळ्याकाठी.

"चाची, कुठली चांगली?"

"मला काय ठावं? मला वाचता येतं का?" अंगठ्यावरून बांगडी दाबत ती म्हणाली. "पण आगगाडीवाली वाचली की बायका नवऱ्यावर रुसून बसतात, बांगड्याच भरत न्हायत. तळ्यावाली वाचली की डझन-डझन भरतात. माझ्या धंद्याला तळं बरं."

असल्या बाजारी सल्ल्यानं कादंबरी निवडणाऱ्यांतली मी नव्हते. मी माझ्या अभिरुचीनं निवडली. तळ्याकाठच्या नायकाचे केस कुरळे होते.

तेवढ्यात सासूबाई दारात. "काय गं ते?"

"पोथी आहे, आत्याबाई."

"बरं झालं. दुपारी वाचत जा. वाती वळता वळता ऐकते."

मण्यारणीनं हसू दाबत घाईनं टोपली उचलली. खरं कळलं असतं तर तिला आमचं दार बंद झालं असतं आणि मला कादंबऱ्या.

दुपारी पुस्तक चौरंगावर ठेवलं. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. मी तळ्याकाठी आधी एक महादेवाचं देऊळ बांधलं, मग नायकाला भक्त केलं. दोघांची नजरानजर व्हायची वेळ आली की मी नायिकेला प्रदक्षिणेला पाठवायची. तीन दिवसांत तिनं इतक्या प्रदक्षिणा घातल्या की माझेच पाय दुखायला लागले. चौथ्या दिवशी तो तिचा हात धरतो ते पान आलं. मी दोन पानं एकदम उलटली.

"थांब. दोन गेली."

"चिकटली होती, आत्याबाई."

"मला वाचता येत न्हाय, पण दिसतं चांगलं. परवापासून बघते, ती पोरगी लाजायला लागली की तू अडखळतीस आणि तिला देवळात नेतीस. देवळात मी रोज जाते. मागं जा."

मागं गेले. महसुलाची नोटीस वाचावी तशा आवाजात मी ते हात धरणं वाचायला घेतलं. सासूबाईंनी कापूस बाजूला सारला.

"पळतीस कुठं? हळू वाच की."

हळू वाचलं. त्यानं तिचा हात पान संपता संपता सोडला. आम्हाला तो हात सोडायला दिवेलागण झाली.