धोप्याच्या पानावरचं मीठ

माझ्या थोरल्या साडूंना पाहून पळाला नाही असा माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात सापडायचा नाही. भांडखोर म्हणाल तर मुळीच नाहीत, मुंगीलासुद्धा 'सरक जरा' म्हणतील. पण भीमपूरच्या शाळेत जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेला हा माणूस परसातलं धोप्याचं पान तोडतो (अळूला आमच्याकडे धोपा म्हणतात), त्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब सोडतो आणि विचारतो, "पाय बाप्पा, हे पान पाण्याले चिकटू देत नाई. मंग थेंबातलं मीठ पानाजवळ जाते का दूर पळते?" एवढं ऐकलं की समोरच्याला गॅसवर ठेवलेलं दूध आठवतं. ज्याच्या घरी दूधच येत नाही त्यालाही आठवतं!

एकदा इचोड्याच्या ढाब्यावर त्यांनी रश्श्यावरची तर्री चमच्यानं बाजूला सारली आणि मालकालाच गाठलं, "तेलाच्या काठाशी सोडियम काऊन जात नाई, सांगा!" बिचाऱ्यानं हात जोडले, "नमक कम है क्या, सर?" आणि मिठाची अख्खी बरणी टेबलावर आणून ठेवली. पुतण्याच्या लग्नात तर यांनी नवरदेवालाच पान दाखवलं. वरात खोळंबली.

कुणीतरी हे शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा. खोटं कशाला बोलू, मीही कधी ऐकलं नाही. 'येतो सर, जय भीम' म्हणत चपला शोधायचो. आतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या ताईंचा आवाज यायचा, "पाव्हण्याचं डोकं नका खाऊ!"

यंदा गेलो तर साडू वाळलेले दिसले. हल्ली विसरतातही. तरी पान तोडलं, थेंब सोडला. मी पहिल्यांदाच बसून राहिलो.

"सोडियम लहान. आंगाभवती पाणी घट्ट धरते, मनून थेंबाच्या मधातच राह्यते. पानाजवळच्या काठाशी जाते ते... ते..."

नाव आठवेना. तोंड एवढंसं झालं. मला फार वाईट वाटलं, पण मला तरी कुठं येत होतं?

भाकरी थापता थापता आतून ताई म्हणाल्या, "आयोडाइड. मोठं असते, पाणी सैल धरते, मनून काठाशी जाते. सांगा पुढं."

"तुले मालूम हाय?"

"चाळीस वर्सं आयकूनच राह्यली ना मी!"

साडू दाराकडे पाहतच राहिले. हातातलं पान कललं, थेंब घरंगळून गेला, आणि पुढचं सांगायचं मात्र त्यांच्याकडून तसंच राहून गेलं.