तेवीस तासांची टोपी

केसरबाईने बाळ डोक्यावर पाडलं, ही बातमी २००७ च्या मे महिन्यात मीरा रोडच्या सुखदर्शन सोसायटीत पसरली. लिफ्ट बंद होती, तरी ती दुपारपर्यंत सातव्या मजल्यावर पोचली. तळमजल्यावर निघाली तेव्हा बाळ नुसतं हातातून निसटलं होतं. तिसऱ्या मजल्यावर ते बाथरूमच्या फरशीवर आपटलं. पाचव्यावर फरशीला चीर गेली. सातव्यावर पोचेतो कवटीचे दोन तुकडे होऊन ते जागेवर धरायला डॉक्टरांनी प्लास्टिकची टोपी बसवलेली होती, आणि ती म्हणे मोठेपणीच काढणार होते.

टोपी मात्र खरी होती. चौथ्या मजल्यावरच्या मृणालिनीबाईंचा नातू अभिनव, वय महिने पाच, निळं हेल्मेट घालून गॅलरीत बसलेला सगळ्यांनी पाहिला होता. तळमजल्यावरच्या हंसाबेनने तर पहिल्या दिवशी विचारलंही होतं, "स्कूटर पे ले जाते हो क्या इतने छोटे को?" मृणालिनीबाईंना हसू आलं नाही.

केसरबाई म्हणजे मालिशवाली. मूळची परभणीकडची. नवरा नागोराव एका एटीएमबाहेर स्टूल टाकून बसायचा. दोघं भाईंदर पूर्वेला पत्र्याच्या खोलीत वीस वर्षं राहत होती. हा हात तिला सासूकडून आला. बाळंतिणीचं पोट बांधायचं, बाळाचं अंग रगडायचं, टाळूवर तेल जिरवायचं आणि तळहाताची वाटी करून डोक्याला आकार द्यायचा. सुखदर्शन आणि आसपासच्या चार सोसायट्यांतली निम्मी पोरं तिच्या मांडीवरून गेलेली. शाळा सुटायच्या वेळी रस्त्याकडेला उभी राहून ती पाठमोरी पोरं ओळखायची. हे बी विंगमधलं, हे जुळ्यांतलं धाकटं. तोंड बघायची तिला गरज नसे. तिच्या मते माणसाचा चेहरा देवाने नाहीतर बापाने दिलेला असतो, त्यात तिचं काही नाही. पण डोक्याची मागची बाजू ही तिची कामगिरी. एकदा शेअर रिक्षात पुढे बसलेल्या कॉलेजच्या पोराच्या डोक्यावरून तिने चक्क हात फिरवला. पोरगा दचकला. केसरबाई म्हणाली, बरोबर हाय, चालू दे.

अशा बाईच्या नावावर वाकडं डोकं लागावं, म्हणजे काय झालं ते लक्षात घ्या.

खरं तर वाकडेपणा सगळ्यांत आधी तिलाच दिसला होता. अभिनव दोन महिन्यांचा असताना तिने सांगितलं की हे लेकरू एकाच बाजूला तोंड करतंय, दुसरीकडे वळवलं की रडतंय, डॉक्टरला दाखवा. मृणालिनीबाई गिरगावातून मीरा रोडला आलेल्या. तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात नोकरी केलेली, आणि कुणी आपल्याला काही सांगावं याची सवय नसलेली. त्या म्हणाल्या, केसरबाई, तुम्ही तेलाचं बघा. केसरबाईने तेलाचं बघितलं.

चार महिन्यांचा झाल्यावर लस टोचायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी बाळाचं डोकं वरून पाहिलं आणि मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे धाडलं. तिथे तपासणी झाली. लोअर परळच्या एका वर्कशॉपमध्ये डोक्याचं प्लास्टरचं माप घेतलं आणि महिन्याभराने निळी टोपी आली. आतून फोम, बाजूला पट्टा, वर हवेला भोक. दिवसाचे तेवीस तास घालायची. एक तास काढायची, अंघोळीसाठी आणि पुसण्यासाठी. डोकं वाढेल तसं जिथे रिकामी जागा सोडलेली आहे तिकडे ते भरत जाईल, असा हिशोब. आणि डोक्याला तेल अजिबात लावायचं नाही.

मोठ्या डॉक्टरांनी त्या दिवशी रीत म्हणून एक प्रश्न विचारला होता, की बाळ कधी पडलंबिडलं होतं का. टोपी आल्याच्या दुसऱ्या दिवशी जिन्यात हंसाबेन भेटल्या. टोपीचं कारण त्यांना हवंच होतं. मृणालिनीबाई म्हणाल्या, "डॉक्टरने पूछा, बच्चा गिरा था क्या. अब हम क्या बोलें. मालिशवाली तो रोज आती है..." आणि पुढे काही न बोलता त्यांनी सुस्कारा सोडला. त्या खोटं बोलल्या असं कुणालाही म्हणता येणार नाही. वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा होता आणि दुसरा त्या बोलल्याच नव्हत्या. तो हंसाबेनने पुरा केला, आणि हंसाबेनला अर्धं काही ठेवायची सवय नाही.

केसरबाईकडे तेव्हा आठ घरं होती. जूनमध्ये तीन राहिली. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही, सगळे सभ्य लोक. एकीने सांगितलं, सध्या नको, बाळाला सर्दी आहे. एक माहेरी जाणार होती; ती महिनाभर गॅलरीत कपडे वाळत घालताना दिसत राहिली. एका नव्या बाळंतिणीच्या आईने तर दारातच हात दाखवायला सांगितले, आणि केसरबाईने ते पुढे केले तेव्हा ती बाई कशाकडे बघत होती ते तिला स्वतःलाही कळलं नसावं.

केसरबाईने मृणालिनीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी कुठे काय म्हटलं? लोकांची तोंडं मी धरू का?" आणि तिच्यासाठी चहा ओतला. तिचा कप मोरीच्या कठड्यावर वेगळा असायचा, त्यातच.

काम सोडून द्यावं असं तिच्या मनात आलं. नागोराव म्हणाला, सोड, पण मग लोक म्हणणार घरच्यांनी हाकलली. मग जात राहिली. तर लोक म्हणू लागले, एवढं करून त्यांनी कामावर ठेवली कशी? तेही हंसाबेनने सोडवलं. नुकसानभरपाई म्हणून फुकट राबते बिचारी. चांगले लोक आहेत, पोलिसात नाही दिलं.

आता केसरबाईच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ती तिच्या फायद्याची नव्हती. दिवाळीनंतर अकराव्या महिन्यात अभिनवचं जावळ काढायचं ठरलं होतं. बाळाचे केस दाट. डॉक्टर म्हणाले होते, बारीक करा, घाम कमी येईल. पण जावळाआधी कात्री लागणार नाही, असं मृणालिनीबाईंनी ठणकावलं होतं. म्हणजे त्या दिवशी मामाच्या मांडीवर, सगळ्या सोसायटीसमोर, डोकं पहिल्यांदा उघडं पडणार. ते वाकडं निघालं तर केसरबाईने वाकडं केलं. गोल निघालं तर टोपीने गोल केलं. तरीही वाकड्यापेक्षा गोल बरं. वाकडं निघालं असतं तर भाईंदर ते दहिसर कुणी तिच्या हातात बाळ दिलं नसतं.

म्हणून ज्या टोपीने तिची जागा घेतली तिचीच ती राखणदार झाली. सकाळी नऊ ते दहा हा बिनटोपीचा तास तिचा. टोपी आतून पुसायची, वाळवायची. बाळाची मान शिकवल्याप्रमाणे हळूहळू ताणायची. तो व्यायाम खरं तर सून संपदाने करायचा होता, पण तिला धीर होत नसे, आणि आठला तिला अंधेरीच्या ऑफिससाठी निघावं लागे. ती केसरबाईला एकदा दवाखान्यात हा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली. त्या बाई दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, यांना मी काय शिकवणार.

तेलाची बाटली केसरबाईने स्वतःच्या हाताने कपाटात वरच्या फळीवर ठेवली. मृणालिनीबाई एकदा हळूच म्हणाल्या, टाळूला थेंबभर लावा हो, डॉक्टर काय घरी बघायला येतो? केसरबाई नाही म्हणाली. सहीच्या जागी अंगठा लावणारी बाई डॉक्टरचा कागद पाळत होती आणि तीस वर्षं कागद फाइलला लावलेली बाई त्यातून पळवाट काढत होती.

जुलैत वर्कशॉपमधून निरोप आला, तीन आठवड्यांत काहीच फरक नाही. टोपी तेवीस तास असते ना? मृणालिनीबाई फोनवर म्हणाल्या, अहो, एक मिनिट काढत नाही.

त्याच आठवड्यात केसरबाई दुपारी तीनला दुसऱ्या घराकडे चालली होती. उघडीप होती. सहज वर पाहिलं, तर चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत, दोरीवर, बाळाच्या बापाचा, नीरजचा, बनियन आणि उशीचा अभ्रा यांच्या मधोमध, दोन चिमट्यांत निळी टोपी लटकत होती.

ती चार मजले थांबली नाही. दार उघडंच होतं. आत भजनी मंडळाच्या बायका टाळ पिशवीतून काढत होत्या आणि बाळ लेस लावलेलं टोपडं घालून मधे बसलं होतं, कुठल्याही भल्या घरातल्या बाळासारखं. दर मंगळवार-शुक्रवार हे असंच चालत होतं. बाकीच्या दिवशीही दुपारी कुणी यायची शक्यता असली की टोपी दोरीवर जायची. सुनेला अर्थातच ठाऊक नव्हतं. ती रात्री आठला परतायची तेव्हा टोपी डोक्यावर असायची.

केसरबाईने मृणालिनीबाईंना स्वयंपाकघरात बोलावलं.

"ताई, टोपी दोरीवर काऊन?"

"घामाने वास मारते हो. जरा हवा लागू दे."

"पुसायला म्या हाय की सकाळी. हवा टोपीला लागून काय करता? डोकं लेकराचं हाय."

"चार लोकांत कसं दिसतं ते? तुम्हाला नाही कळायचं."

"चार लोकांत कसं दिसतं ते मलाच कळतं, ताई," केसरबाई म्हणाली. "पाच घरं गेली माझी. उद्यापासून दुपारी म्या येऊन बसते. एक पैसा देऊ नका. पण टोपी म्या काढू देणार नाही."

फुकटची राखण कुणाला नको असते? मृणालिनीबाईंनी कुरकुरत मान्य केलं. तेव्हापासून केसरबाई दुपारी एक ते पाच त्या घरात बसू लागली. भजनी मंडळाच्या बायका गायला बसल्या की ती बाळाला मांडीवर घेऊन, टोपीसकट, दारासमोर बसायची. टाळ वाजले की बाळ टोपीवर हात मारायचं. ती पैसे घेत नाही हेही सोसायटीत कळलंच. हंसाबेनला फार बरं वाटलं. त्या म्हणाल्या, देखा? मैंने बोला था ना, भरपाई.

सप्टेंबरअखेर वर्कशॉपवाल्याने माप घेतलं, ते बरोबर भरलं, आणि टोपी बंद झाली.

जावळाला हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. संपदाचा भाऊ पाटावर बसला, मांडीवर अभिनव, समोर न्हावी. केस पडू लागले तशा बायका पुढे सरकल्या. कुणी आशीर्वाद द्यायला, कुणी भेग बघायला. डोकं उघडं झालं. भेग नव्हती, तुकडे नव्हते. डावीकडे मागे बोट फिरवलं तर जरा कळलं असतं, डोळ्यांना काही दिसत नव्हतं. हंसाबेन थोड्या हिरमुसल्या, पण लगेच सावरल्या. टोपीने कमाल केली, असं त्यांनी जाहीर केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

केसरबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. असंच होणार हे तिला जूनपासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. ती पुढे आली.

"ताई, आज सगळी हायेत. एकदा सांगा, लेकरू माझ्या हातून पडलं का?"

न्हावी वस्तरा पुसायचा थांबला. मृणालिनीबाईंनी सगळीकडे पाहिलं. चाळीस पाहुणे, नवी साडी. आणि त्यांच्या तोंडून, अगदी मायेने, निघालं, "जाऊ द्या हो, केसरबाई. आम्ही काही मनात धरलेलं नाही."

त्या क्षणी केसरबाईचा धंदा संपला होता. हंसाबेनचे डोळे भरून आले. केवढी ही मोठी मनं.

"काय मनात धरलेलं नाही, आई?" संपदाने विचारलं.

सकाळी आठला जाऊन रात्री आठला येणारी ही मुलगी. सगळी सोसायटी सहा महिने तिच्या घराबद्दल बोलत होती आणि तिच्या कानावर एक शब्द आलेला नव्हता. शेवटी तिच्या भावानेच, ओशाळून, जिन्यात जे ऐकलं होतं ते सांगितलं. संपदाने बाळाला भावाच्या मांडीवरून उचलून केसरबाईच्या हातात दिलं आणि हंसाबेनकडे वळून म्हणाली, "बच्चा गिरा ही नहीं. कभी नहीं. डॉक्टर की फाइल अलमारी में है. किसको देखनी है?"

फाइल कुणालाही बघायची नव्हती. जेवणाची पानं मांडली गेली. मृणालिनीबाई जिलेबी वाढत फिरल्या, केसरबाईला दोनदा.

पुढच्या महिन्यात हंसाबेनची सून बाळंत झाली तेव्हा त्यांनी केसरबाईलाच बोलावलं, आणि पहिल्या दिवशी मालिश संपेपर्यंत हात बाळाखाली धरून बसल्या. उन्हाळ्यापर्यंत सात घरं झाली. सातव्या मजल्यावर आजही कुणी नवीन राहायला आलं की त्यांना फरशीची चीर सांगतात.

फाइलमध्ये एकच कागद होता. अभिनव कधीच, कुणाच्याही हातून पडलेला नव्हता. जन्मापासून त्याच्या मानेचा उजवीकडचा स्नायू आखडलेला होता, त्यामुळे तो तोंड डावीकडे करूनच निजायचा आणि डोकं त्या बाजूने चपटं झालं होतं. डॉक्टरांनी हे एप्रिलमध्येच लिहून दिलं होतं. मृणालिनीबाईंनी तो कागद त्याच दिवशी वाचला होता.