डिकीतला तांदूळ आणि हवेतली गाडी

आता मला सांगायला लावलंच आहे तर नीट ऐका, मध्ये बोलू नका. खरं तर सांगण्यासारखं काही नाही. पण आमच्या रोह्याच्या अष्टमी पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर हा माझा किस्सा मला सोडून सगळे सांगतात, आणि सगळे चुकीचा सांगतात. परवा एक जण माझ्या तोंडावर म्हणाला, म्हाताऱ्यानं गाडी उलटी केली. अरे, उलटी कुठं? मागून वर झाली होती. फरक आहे की नाही?

तर मी आयुष्यभर टेम्पो चालवला. रोहा ते पेण, पेण ते रोहा. भाताच्या गोणी, कौलं, पेणच्या गणपतीच्या मूर्ती, काय नाही वाहिलं! एका गणपतीच्या कानाला कधी टवका गेला नाही. आणि माझी स्वतःची बायको, मंदा, माझ्या गाडीत बसायला तयार नव्हती.

टेम्पो विकून मी एक जुनी छोटी गाडी घेतली होती. तिचे शॉकअप बसलेले. मंदाला कंबरेचं दुखणं. खड्डा आला की ती एक हात कंबरेला लावायची, एक दरवाज्याला, आणि माझ्याकडं असं बघायची, जसा काही तो खड्डा मीच खणलाय. शेवटी एके दिवशी ती एस्टीनं पेणला गेली. मी गाडी घेऊन मागं, ती एस्टीत पुढं. दुसऱ्यांचा माल जपून नेण्यात ज्याची हयात गेली त्याला हे कसं वाटेल, सांगा.

त्यात नातीचा साखरपुडा ठरला, पेणलाच, माझ्या लेकीच्या घरी. मंदानं सांगून टाकलं, "बसून बघीन तुमच्या गाडीत. पन कंबर धरायची पाळी आली तर तितंच उतरीन. मग परत कदी नाय."

मी तडक इम्तियाजच्या गॅरेजात. पोरगा गुणी आहे, पण फार समजावतो. त्यानं तीन प्रकार मांडले. एक साधे शॉकअप, गाडीला मुळात असतात तसे. दुसऱ्या आखूड स्प्रिंगा, कॉलेजची पोरं गाडी जमिनीला टेकवायला बसवतात त्या. आणि तिसरा कॉइलओव्हर. म्हणजे शॉकअपच्या अंगावरच स्प्रिंग चढवलेली, आणि तिच्या खाली आट्यांवर फिरणारी रिंग. आकड्याच्या, म्हणजे वाकड्या तोंडाच्या पान्यानं रिंग वर चढवली की गाडी वर, उतरवली की गाडी खाली. टोकाला एक बटण, ते फिरवलं की मऊ किंवा कडक. इम्तियाज म्हणाला, काका, तुम्हाला साधे बस झाले. हे शौकीन लोकांचं काम, रोज रस्त्यावर चालवायचं तर सेटिंग बरोबर लागतं.

मी म्हटलं, हेच बसव. का? अहो, घरात माझं कोणी ऐकत नाही. निदान पान्यानं तरी ऐकेल असं काहीतरी जवळ असावं!

तो म्हणाला, रिकाम्या गाडीवर उंची लावतो. मला हसू आलं. टेम्पोच्या कमानी, म्हणजे मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आम्ही भरल्या गाडीत बघायचो. रिकामा टेम्पो उडतोच, त्याला कोण विचारतं? माल भरायचा, मग तो सरळ उभा राहतो का बघायचं. साखरपुड्याच्या जेवणाचा तांदूळ माझ्या घरचा जाणार होता. मी त्या सगळ्या गोण्या मागं भरून गाडी गॅरेजात नेली. मागची बाजू बसली होतीच. म्हटलं, घे वर. अजून घे. अजून. इम्तियाज पाना फिरवत राहिला आणि एकदाच बोलला, "काका, तांदूळ उतरला की रिंग खाली घ्यावी लागंल. हा पाना डिकीत ठेवा."

ठेवला की. घरी येऊन काढला. त्या जागेत तांदळाचं आणखी एक अर्धं पोतं बसत होतं.

जाताना काय गाडी चालली म्हणता! नागोठण्यापुढचे खड्डे मंदाला कळलेसुद्धा नाहीत. वडखळला ती म्हणाली, "बरं हाय." मंदाच्या तोंडून 'बरं हाय' म्हणजे दुसऱ्यांच्या तोंडून हार-तुरे.

झालं. मी पेणला पोचल्यापासून कॉइलओव्हरशिवाय दुसरं बोललो नाही. भटजीला सांगितलं, आचाऱ्याला सांगितलं. जेवणं झाल्यावर नवऱ्या मुलाच्या बापाला हाताला धरून बाहेर आणलं, म्हटलं बघाच. तोवर तांदूळ कधीच आत गेला होता. आणि गाडी? विंचवानं नांगी वर करावी तशी उभी! पुढचं तोंड जमिनीकडं, मागचा भाग आकाशाकडं.

व्याही सभ्य माणूस. हळूच म्हणाले, "हे असंच असतं का?"

मी म्हटलं, असंच असतं. नवीन पद्धत आहे.

मंदा मागं उभी राहून ऐकत होती. आता पद्धत म्हटल्यावर मागं कसं फिरायचं?

परत निघालो. पेण सुटायच्या आत पहिला गतिरोधक आला आणि मागून खाडकन आवाज. रिंग इतकी वर की रिकाम्या गाडीत शॉकअप टोकापर्यंत ताणलेला. बटण मऊवर होतं, पण बटण काय करणार? मंदाचा हात कंबरेकडं निघाला. अजून कंबरेला लागला नव्हता, पण निघाला होता! पाना घरी.

आणि एस्टी स्टँडसमोर मला दत्ता दिसला. दत्ता म्हणजे मंदाचा भाऊ. अंगानं दोन माणसांचा ऐवज. साखरपुड्याच्या पेढ्यांचा पुडा धरून रोह्याच्या बसची वाट बघत होता. मी त्याला कधी चहा विचारला नाही, पण त्या दिवशी उतरून त्याच्यासाठी मागचं दार उघडलं. त्याला संशय आला, तरी बसला. तो बसला आणि गाडी म्हैस डबक्यात बसावी तशी खाली बसली. सरळ! मंदाचा हात परत मांडीवर. वडखळ गेलं, मी मनात म्हटलं, जिंकलो.

नागोठण्याला दत्ताचा फोन वाजला. कुणीतरी मित्रांनी शेतात पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, भांबुर्ड्याचा पाला, मडकं आगीत, सगळं तयार. दत्ता म्हणाला, "भावोजी, मला इतंच उतरवा."

मी म्हटलं, घरी चल, मी तुला शेंगा उकडून देतो. नाही. म्हटलं, रोह्यात कोंबडी आणतो. नाही. त्याचा एक पाय बाहेर गेला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दत्ता, तू उतरलास तर गाडी वर जाईल रे!"

तो तसाच थांबला. एक पाय आत, एक बाहेर.

"म्हंजे वजनाला घेतलंत मला?"

"तसं नव्हं रे. तांदूळ नव्हता म्हणून..."

"तांदूळ!"

पुडा घेऊन तो गेला. गाडी वर गेली. मंदानं एकदा मागं बघितलं, एकदा माझ्याकडं. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे विचारलं, "नवीन पद्धत काय वो?" मग पिशवी उचलली आणि समोर रोह्याची एस्टी लागली होती तिच्यात जाऊन बसली. मी पुन्हा मागं. दिवे लावले तर उजेड पुढच्या चाकाजवळच पडतोय. एस्टीचे मागचे लाल दिवे बघत घरी आलो. मंदा आधीच पोचली होती. ओटीवर बसली होती, आणि पायरीवर माझ्या वाटेत तो आकड्याचा पाना ठेवला होता.

सकाळी इम्तियाजनं रिंगा खाली घेतल्या. गाडी द्यायच्या आधी डिकी उघडून बघितली.

मग मंदाला किती विनवलं ते टपरीवाल्यांना ठाऊक नाही, म्हणून ते सांगत नाहीत. शेवटी म्हणाली, खांब गावापर्यंत चला, त्याच्या पुढं नाय. निघालो. रस्ता तसाच, खड्डे तेच, आणि गाडी पाण्यावर चालावी तशी. खांबहून परत फिरलो तर बघतो काय, मंदा झोपलेली! मान एका बाजूला, दोन्ही हात पदरात. माझ्या गाडीत! मी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. डोळ्यांत पाणी आलं म्हणा ना.

अष्टमीच्या जवळ आल्यावर ती अर्धवट जागी झाली. डोळे मिटलेलेच. म्हणाली, "कंडक्टरला सांगा, पुलाशी उतरायचं हाय. आज एस्टी चांगली चालवली गो बाय."

तिला मी माफ केलं. झोपेत होती. इम्तियाजलाही माफ केलं, त्यानं माझं ऐकायलाच नको होतं. पण जो पूर्ण जागा होता, ज्यानं एका मडक्यासाठी माझी गाडी भर नागोठण्यात हवेत सोडली, आणि वर माफी मीच मागावी म्हणून जो फुगून बसलाय, त्यानं अजून माझ्या ओटीवर पाय ठेवलेला नाही. नाव विचारता? दत्ता.